कोणत्या घोडीला हा घोडा देऊ नये, तेही छापा

प्रति,
वॉर्मब्लड, म्हणजे खेळाच्या घोड्यांच्या, स्टडबुकांच्या (वंश-नोंदवह्यांच्या) निवड समित्या,
तसेच ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या खेळाच्या) पैदाशीसाठी स्टॅलियन ठेवणारे सर्व तबेले

सप्रेम नमस्कार.

दर हंगामाच्या तोंडावर स्टॅलियनांचे, म्हणजे पैदाशीच्या नरांचे, आपले कॅटलॉग येतात. गुळगुळीत कागद, एकाहून एक फोटो. प्रत्येक घोडा ट्रॉटच्या, म्हणजे दुडक्या चालीच्या, नेमक्या त्या क्षणी टिपलेला, पुढचा पाय जवळजवळ आडवा उचललेला, मान ताठ कमानीत. खाली मजकूर: डौलदार, लवचीक, तिन्ही चाली अव्वल, स्वभाव सोन्यासारखा, आईकडून नामांकित घराणे. पान उलटले की पुढच्या घोड्याबद्दलही तेच. अख्खा कॅटलॉग वाचून संपतो तरी त्यात वाईट घोडा एकही सापडत नाही. ते खरेही असेल, कारण आपल्या चाळणीतून वाईट घोडा सहसा वर येतच नाही. पण घोडा चांगला आहे का, हे मला विचारायचेच नाही. माझ्या दावणीला जी घोडी उभी आहे तिला तो चालेल का, एवढेच विचारायचे आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या एकाही पानावर मिळत नाही.

म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. प्रत्येक स्टॅलियनच्या पानावर एक ओळ वाढवा: हा घोडा कोणत्या घोडीला देऊ नये.

मागणी उर्मट वाटेल, पण ही ओळ आपल्याकडे तयार असते. निवडीच्या वेळी रिंगच्या कडेला उभा असलेला एखादा जुना परीक्षक ओळखीच्या माणसाला हलक्या आवाजात सांगतोच, ‘लांब पाठीच्या घोडीला हा नको.’ ज्याची ओळख आहे त्याला हे कळते. ज्याची नाही तो फोटो पाहून वीर्य मागवतो आणि अकरा महिन्यांनी जे जन्माला येईल ते स्वीकारतो. तोंडी चालणारे हे ज्ञान काही गुपितही राहिलेले नाही. जॅझ या स्टॅलियनची मुले अंगाने हलकी, डोक्याने तापट, आणि पिआफ-पसाजची (जागच्या जागी आणि सावकाश पुढे सरकत केलेल्या उचलत्या ट्रॉटची) मात्र उपजत जाण असलेली, असे माहितगार लोक वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. त्याचा मुलगा पार्झिव्हल २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक रौप्यपदकापर्यंत गेला. फेरो आणि त्याचा मुलगा निग्रो यांच्याकडून मागच्या पायाची ताकद येते, अंगाचे वजनही येते. सँड्रो हिटने देखणेपण आणि मोकळा खांदा भरभरून दिला. एकवटण्याची, म्हणजे वजन मागे घेण्याची, ताकद मात्र घोडीकडे आधीच असलेली बरी, असे त्याच्याबद्दल बोलले जाते. हे सगळे तोंडी. छापील पानावर तिन्ही घराणी सारखीच ‘अष्टपैलू’.

घोडीवाल्याचे काम कुठून सुरू होते ते आपल्याला सांगायला नको, तरीही सांगतो, कारण कॅटलॉग वाचताना असे वाटते की ते आपल्याच विस्मरणात गेले आहे. घोडा निवडण्याआधी घोडी पाहावी लागते, आणि आपल्या घोडीकडे परक्याच्या नजरेने पाहणे हे या व्यवसायातले सर्वांत अवघड काम आहे. सपाट, कडक जमिनीवर तिला उभी करायची आणि बाजूने पाहायचे. मान छातीतून खाली निघते की खांद्यातून वर येते? खांदा तिरका आहे की उभा? पाठ किती लांब, आणि पाठीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे पाठ आणि पुठ्ठा जिथे जुळतात ती कंबर भरीव आहे की खचलेली? ड्रेसाजच्या घोड्याची सगळी ताकद मागून निघते आणि कमरेवरून पुढे जाते. तिथेच कच्चेपणा असेल तर पुढचा पाय कितीही उंच उचलला तरी तो देखावाच राहतो. मग मागचे पाय. हॉक, म्हणजे मागच्या पायाचा मधला सांधा, फार सरळ असेल तर घोडी मागे बसू शकत नाही आणि पायाच्या मागून जाणाऱ्या सस्पेन्सरी अस्थिबंधावर ताण पडतो. तो फार कोनात असेल तर भार त्या सांध्यावरच येतो. पास्टर्न, म्हणजे खुराच्या वरचे भाग, लांब आणि मऊ असतील तर चाल उसळती दिसते, पण ते पाय किती वर्षे टिकतील हा प्रश्न राहतो.

उभ्या घोडीचे झाले की चालत्या घोडीकडे. इथे पुष्कळांची नजर ट्रॉटवर खिळते, कारण टाळ्या ट्रॉटला मिळतात. ट्रॉट मात्र तिन्ही चालींपैकी सर्वांत शिकवता येण्याजोगा. चांगला स्वार साध्या ट्रॉटमधूनही बरेच काही काढतो. वॉक (साधी पावली चाल) आणि कँटर (संथ दौड) जन्माने जे मिळाले त्याच्या फार पुढे जात नाहीत. वॉकचे चार ठोके स्पष्ट वेगळे ऐकू यायला हवेत. एका बाजूचे दोन पाय जवळजवळ एकत्र पडू लागले की लय गेली, आणि स्वाराने आखडून धरले की ती आणखी बिघडते. कँटर तीन ठोक्यांचा, मधे हवेत तरंगण्याचा स्पष्ट क्षण असलेला, आणि पुढचा भाग वर उचलणारा हवा. कँटर चपटा किंवा चार ठोक्यांचा असेल तर पुढे फ्लाइंग चेंज (दौडतानाच हवेत पाय बदलणे) आणि पिरुएट (मागच्या पायांभोवती फिरणे) या दोन्ही ठिकाणी किंमत मोजावी लागते. घोडीचा वॉक उत्तम आणि कँटर सामान्य असेल, तर असा घोडा शोधायचा की ज्याची मुले कँटरला नाव काढतात आणि जो आईचा वॉक बिघडवत नाही. वाक्यातला दुसरा अर्धा भाग मी मुद्दाम घातला आहे. आपले पान पहिल्या अर्ध्यावरच थांबते.

एका शिंगरात सगळे दुरुस्त करायला जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. घोडीतल्या दोन गोष्टी निवडाव्यात, ज्या बदलल्याच पाहिजेत अशा. बाकी सगळे जसे आहे तसे राखेल असा घोडा घ्यावा. खरे कसब या राखण्यात आहे. घोडीकडे शांत डोके असेल, खूर घट्ट असतील, पाय सरळ असतील, तर ती तिच्या आईआजीकडून आलेली शिल्लक आहे. ती एका हंगामाच्या फॅशनपायी उधळली की परत मिळवायला दोन-तीन पिढ्या जातात.

एक समज आपल्या जाहिरातींनी पोसला आहे, त्याबद्दल जरा स्पष्ट लिहितो. लांब पाठीच्या घोडीला आखूड पाठीचा घोडा दिला की मधल्या पाठीचे शिंगरू होते, असा तो समज. गरम पाण्यात गार ओतले की कोमट होते, वंशाचे तसे चालत नाही. एकेका गुणामागे अनेक जनुके असतात आणि प्रत्येक शिंगरात त्यांची वाटणी नव्याने होते. एकाच आईबापाच्या एका शिंगराला आईची पाठ आणि बापाची मान मिळेल, त्याच्या सख्ख्या भावाला उलटे, आणि तिसऱ्याला पाठ आईची नि कंबर बापाची, म्हणजे दोन चांगल्या अवयवांचा वाईट सांधा. टोकाला टोक जोडून मध्य मिळत नाही. लांब पाठीच्या घोडीला योग्य लांबीची पाठ असलेला घोडा हवा, ज्याचे आईबाप, भावंडे आणि मुलेही त्याच जागी बरोबर आहेत. सरळ हॉकच्या घोडीला फार कोनातल्या हॉकचा घोडा हा उपाय होत नाही. योग्य कोनाचा घोडा हवा, आणि ज्याच्या वंशात सरळ हॉक वारंवार उगवत नाही असा हवा.

हे कळायला घोड्याचा फोटो उपयोगाचा नाही. त्याची मुले पाहावी लागतात, आणि तीही माझ्या घोडीसारख्या घोड्यांपासून झालेली. ही माहिती कोणा एकट्या घोडीवाल्याला गोळा करता येत नाही. ती आपल्याकडे आहे.

आपल्यापैकी काहींनी या दिशेने मोठे काम केले आहे आणि ते मान्य करायला हवे. डच स्टडबुक केडब्ल्यूपीएनने १९८९ पासून लिनियर नोंदी ठेवायला सुरुवात केली. म्हणजे शिंगराला किंवा तरुण घोडीला नुसते ‘आठ गुण’ न देता पाठ किती लांब, पास्टर्न किती मऊ, मान किती उंच बसलेली, हे दोन टोकांमधल्या पट्टीवर लिहायचे. गुणांनी नुसती आवडनिवड कळते. या पट्टीने शरीर कळते. जर्मनीत पैदास-मूल्ये काढतात ती १०० सरासरी आणि २० प्रमाण विचलन धरून, म्हणजे १२० च्या घोड्याने सरासरीच्या वर स्पष्ट पाऊल टाकलेले असते. या गणितात कोणत्या दर्जाच्या माद्यांशी स्टॅलियनचा संबंध आला हेही धरलेले असते, त्यामुळे चांगल्या घोड्या मिळाल्या म्हणून आकडा फुगला, हा आक्षेप फारसा टिकत नाही. मग माझी तक्रार कशाबद्दल?

फैलावाबद्दल. दोन स्टॅलियनांचे कँटरचे मूल्य समजा १२५ आहे. एकाची बहुतेक सगळी मुले सरासरीपेक्षा बरी. दुसऱ्याची काही मुले दैवी आणि काही अगदी सामान्य. आकडा एकच, पण एकाच घोडीवर संसार चालवणाऱ्या माणसासाठी हे दोन वेगळे घोडे आहेत. ज्याच्याकडे वीस घोड्या आहेत तो दुसऱ्या घोड्याची जोखीम घेऊ शकतो. माझ्यासारखा नाही. त्यातही मला हवे आहे ते असे की दुसऱ्या घोड्याची ती दैवी मुले कोणत्या प्रकारच्या घोड्यांपासून झाली. मोठ्या, जड, जुन्या बांध्याच्या? की हलक्या, थरोब्रेडचे (शर्यतीच्या घोड्यांचे) रक्त जवळ असलेल्या? घोड्यांचे वर्णन आपल्या नोंदवहीत आहे, मुलांचेही आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे, एवढेच उरले आहे. दर गटात पुरेशी मुले नसतील तिथे आकडा देऊ नका. शब्दांत सांगा, तेवढे पुरे.

आता तरुण घोड्यांबद्दल. स्टॅलियनला मान्यता अडीच वर्षांच्या वयात मिळते. रिंगमध्ये मोकळा सोडून, हाताने चालवून, काही मिनिटांच्या ट्रॉटवर. त्या वर्षीचा विजेता ठरतो आणि पुढच्याच वसंतात शेकडो घोड्यांच्या मालकांकडून त्याच्या वीर्याची मागणी येते. पुढचा हिशेब कुणीही करू शकतो. त्याची पहिली शिंगरे तो चार वर्षांचा असताना जन्मतात. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) नियमानुसार ग्राँप्रीत, म्हणजे ड्रेसाजच्या सर्वोच्च पातळीवर, उतरायला घोडा किमान ८ वर्षांचा लागतो. म्हणजे सर्वांत मोठे शिंगरू पहिल्यांदा ग्राँप्रीच्या चौकोनात पाऊल ठेवू शकेल तेव्हा बाप १२ वर्षांचा असेल, आणि प्रत्यक्षात बहुतेक घोडे त्या पातळीला पोचायला आणखी काही वर्षे घेतात. तोवर त्या विजेत्याची आठ-नऊ हंगामांची पैदास झालेली असते, त्याच्या मुलांनाही मान्यता मिळालेली असते, आणि फॅशन तिसऱ्याच घोड्यावर गेलेली असते. मधे आपण कामगिरीच्या चाचण्या घेता, त्या आवश्यकच आहेत. पण चौदा दिवसांच्या चाचणीत घोडा स्वतः कसा आहे ते कळते. तो काय देतो ते कळायला वर्षे जातात. म्हणून ज्या वर्षी एखादा नवा घोडा वापरायचा त्या वर्षी घोडीवाला खरे तर त्याच्या आईवर आणि आईच्या भावंडांवर पैज लावत असतो. आईचे नाव मात्र आपल्या पानावर बापाच्या नावाखाली बारीक अक्षरांत.

आईंचा विषय निघालाच आहे तर थोडा थांबतो. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे वैयक्तिक सुवर्ण डालेराला मिळाले आणि रौप्य बेला रोझला. २०२४ च्या पॅरिसमध्ये सुवर्ण पुन्हा डालेराला, रौप्य वेंडीला. चारही पदके घोड्यांची, म्हणजे माद्यांची. पॅरिसच्या त्या मंचावर तिसरा होता ग्लॅमरडेल. स्टॅलियन असला तरी त्याची आई निग्रोची मुलगी. २०१६ च्या रिओमध्ये रौप्य मिळवणारी वाइहेगोल्डही घोडीच. आणि डालेरा ट्राकेनर, म्हणजे हलक्या, जुन्या, बंद वंशातली, जिला मोठ्या वॉर्मब्लड घराण्यांची फॅशन फारशी शिवलेली नाही. एवढे समोर असताना कॅटलॉगमधले माद्यांचे वर्णन स्टॅलियनच्या यशातले एक तळटिपेसारखे वाक्य का असावे?

जनुकांचा अर्धा वाटा आईचा, हे सगळ्यांना ठाऊक. पण आई त्याहून जास्त देते. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी प्रचंड शायर आणि इवल्या शेटलंड घोड्यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. बाप शायर आणि आई शेटलंड असलेली शिंगरे जन्मताना लहान होती. आई शायर असेल तेव्हा कितीतरी मोठी. जनुकांचे मिश्रण सारखेच, फरक गर्भाशयाचा. शिवाय शिंगरू सहाएक महिने आईच्या पायाशी राहते. माणसाला पाहून पळायचे की थांबायचे, नवी वस्तू दिसली तर काय करायचे, हे ते तिच्याकडून शिकते. तापट घोडीला शांत घोडा देऊन तापटपणा निम्मा होईल असे मानणाऱ्याने हे सहा महिने हिशेबात धरलेले नसतात. अशा घोडीला वापरूच नये असे मी म्हणत नाही. पण ‘कुठल्याही घोडीला शांत करणारा’ हे वाक्य आपण कृपया कॅटलॉगमधून काढा.

मोठ्या नावांच्या गर्दीत दुसरीही एक गोष्ट हरवते. टोटिलास आठवा. बाप ग्रिबाल्डी, ट्राकेनर. आईचा बाप ग्लेंडेल, निमरडॉरचा मुलगा, म्हणजे उड्या मारणाऱ्यांच्या घराण्यातला. कागदावर ड्रेसाजची दोन फॅशनेबल नावे शेजारी दिसत नाहीत. पण २०१० च्या जागतिक स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके घेतली. ऑलिंपिक सुवर्णविजेत्या व्हॅलेग्रोचा बाप निग्रो, आईचा बाप गेर्शविन. तीही पानभर जाहिरात करण्याजोगी जोडी नव्हती. दूरचे रक्त आणले की जमतेच, असे यातून सिद्ध होत नाही. पण आज कित्येक ड्रेसाज घोड्यांच्या वंशावळीत डोनरहॉल हा स्टॅलियन दोन-तीनदा आणि सँड्रो हिट एकदा तरी सापडतो, तेव्हा त्याच रक्ताचा आणखी एक घोडा सुचवताना आपण घोडीवाल्याला गणित तरी दाखवावे. एकच नर दोन्ही बाजूंनी तिसऱ्या पिढीत आला की नुसत्या त्यामुळे शिंगराचा अंतःप्रजनन गुणांक (आईबापांच्या नात्याचे माप) ३.१२५ टक्के होतो. एका बाजूने दुसऱ्या आणि दुसऱ्या बाजूने तिसऱ्या पिढीत आला तर ६.२५. अशी दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा आली की बेरीज वाढत जाते. घोडीचा क्रमांक टाकला की प्रत्येक स्टॅलियनसमोर हा आकडा दिसेल अशी सोय सगळ्यांनीच करून पानावर त्याचा पत्ता द्यावा. नुसती वंशावळ छापून वाचकाला बोटाने मोजायला लावू नये.

डब्ल्यूएफएफएसबद्दल, म्हणजे वॉर्मब्लड फ्रजाइल फोल सिंड्रोम या जनुकीय आजाराबद्दल, थोडक्यात. वाहक घोडा स्वतः ठणठणीत असतो. वाहक घोडीला वाहक घोडा दिला तर चारात एक शक्यता अशी की गर्भ टिकत नाही किंवा शिंगरू जगत नाही. वॉर्मब्लडमध्ये दहांत एकाच्या आसपास वाहक आहेत आणि तपासणी सोपी आहे. स्टॅलियनचा निकाल आपल्यापैकी अनेक जण छापता. आता तो ठळक छापा आणि खाली एक वाक्य घाला: घोडीची तपासणी झाल्याशिवाय वाहक घोड्याचे वीर्य पाठवले जाणार नाही. वाहकाला हद्दपार करा असे माझे म्हणणे नाही. नीट जोडी लावली तर त्याचे गुण वापरता येतात.

वयस्क घोडीला गोठवलेले वीर्य, हाही असाच राहून जाणारा मुद्दा. पंधरा-सोळा वर्षांची, पहिल्यांदाच पैदाशीला घेतलेली घोडी आणि ज्याचे फक्त गोठवलेले वीर्य मिळते असा घोडा, ही जोडी कागदावर कितीही सुंदर असली तरी गाभण राहण्याची शक्यता कमी असते. गोठवलेल्या वीर्याला बीज सुटण्याच्या वेळेच्या आगेमागे काही तासच मिळतात, म्हणून दिवसरात्र अल्ट्रासाउंड करणारा पशुवैद्य जवळ हवा. ताजे मिळते की थंड केलेले की गोठवलेले, आणि गोठवलेल्याची गाभण राहण्याची टक्केवारी किती, हे पानाच्या वरच्या भागात यावे. सध्या ते शेवटच्या पानावरच्या अटींत असते.

आता पुढच्या पायाच्या वेडाबद्दल, कारण सगळ्या गोष्टी अखेर तिथेच येतात. शिंगरांच्या लिलावात शिंगरू आईमागे धावताना शेपटी वर, पाठ ताणलेली, पुढचे पाय हवेत. तो अर्धा भेदरलेला ताण असतो. त्याला ‘अभिव्यक्ती’ म्हणून बोली लागते. ज्या घोड्याची मुले तीन महिन्यांची असताना असे धावतात, त्याच्याकडे घोडीवाले वळतात, कारण शिंगरू विकूनच त्यांना पुढच्या हंगामाचे पैसे मिळतात. पण ढिल्या सांध्यांची उसळी आणि वजन मागे घेण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागचा पाय मागेच रेंगाळत असेल, पुढचा मात्र भन्नाट, तर तो घोडा पाच वर्षांच्या वयात तरुण घोड्यांच्या स्पर्धेत चमकेल आणि दहाव्या वर्षी पिआफमध्ये अडकेल. म्हणून ज्या घोडीचा मागचा पाय आधीच रेंगाळतो तिला पुढच्या पायाने नाव मिळवलेला घोडा देऊ नये. ही ओळ मी लिहून दिली. ती छापायचे धैर्य आपण दाखवा.

आणि शिंगरू पुढे कोणाच्या हाती जाणार? ग्राँप्रीला पोचणारे घोडे थोडे. बहुतेक शिंगरे नोकरी सांभाळून, संध्याकाळी तासभर घोड्यावर बसणाऱ्या स्वारांकडे जातात. त्यांना अफाट उसळीचा ट्रॉट बसून पेलवत नाही, त्यांना पाय टिकाऊ आणि डोके ठिकाणावर हवे. ज्याच्या मुलांना व्यावसायिक हातच लागतो, अशा घोड्याच्या पानावर तसे लिहायला काय हरकत आहे? व्यावसायिक तो अधिक आनंदाने घेतील.

आपला आक्षेप मला ऐकू येतो: स्वतःच्या घोड्याची उणीव कोण छापेल, मागणी पडेल. शेजारच्या क्षेत्राकडे पाहा. दुधाळ गाईंच्या पैदाशीत प्रत्येक वळूमुळे वेताला किती अडचण येते याचे मूल्य जाहीर असते आणि अडचणीचा वळू पहिलारू कालवडीला देऊ नये, असे उघड सांगितले जाते. त्या वळूंची मागणी संपलेली नाही. ते मोठ्या, अनुभवी गाईंना दिले जातात आणि तिथे उत्तम ठरतात. घोड्यांतही तेच होईल. चुकीच्या घोडीपासून झालेली वाईट मुले स्टॅलियनच्याच नावावर मांडली जातात. ती टळली तर त्याचेच मूल्य वाढेल. उरलेला आक्षेप असा की मत चुकू शकते. मत चुकले तर पुढच्या वर्षी ओळ बदला आणि बदलल्याचे सांगा. कॅटलॉग दरवर्षी निघतोच.

ओळ कशी असावी, हे विचारणाऱ्यांसाठी काही नमुने. ‘मान आणि खांदा निश्चित सुधारतो. उंची कमी करतो, १६० सेंटिमीटरच्या आतल्या घोडीला देऊ नये.’ ‘कँटर आणि ताकद देतो. मुले उशिरा पिकतात, जड बांध्याच्या घोडीला नको.’ ‘प्रतिभा भरपूर, संवेदनशीलताही भरपूर. आईचा स्वभाव स्थिर असेल तरच.’ ‘वॉक कमी होऊ शकतो. घोडीचा वॉक साडेसात गुणांच्या खाली असेल तर दुसरा घोडा पाहा.’ यात अपमान कुठे आहे? असा मजकूर असलेला घोडा मी आधी मागवेन, कारण त्याच्या मालकाने त्याची मुले खरोखर पाहिली आहेत हे त्यातून कळते.

पहिल्याच वर्षी सगळ्या पानांवर हे जमणार नाही, हे मला कळते. ज्या स्टॅलियनांची पुरेशी मुले लिनियर नोंदीतून गेली आहेत आणि काही स्वाराखाली पाहिली गेली आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. अडीच-तीन वर्षांच्या नव्या विजेत्याच्या पानावर त्या जागी ‘अजून माहीत नाही’ एवढेच छापले तरी चालेल. फक्त ते त्याच्या फोटोच्या आकाराला शोभेल इतक्या मोठ्या अक्षरांत असावे.

आपला,
एका घोडीचा मालक